मोतीबिंदूची लेन्स: रात्री सुकाणू धरणाऱ्यांनी ऑपरेशनआधी हे वाचावं



१ जून ते ३१ जुलै दर्या बंद. या ६१ दिवसांत जेट्टीवर तीन कामं हमखास निघतात. ट्रॉलरची रंग-डागडुजी, जाळ्यांची दुरुस्ती आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची ऑपरेशनं. त्यातही मोतीबिंदू पहिला. गेले पंधरा दिवस सोसायटीच्या ऑफिसात रोज कोणी ना कोणी कागद घेऊन येतं आणि विचारतं, "लेन्स कुठली टाकायची? महागातली टाकली तर जास्त बरं दिसेल ना?"

आम्ही काही डॉक्टर नाही. पण गेल्या वर्षी एका सभासदाच्या बाबतीत जे झालं, त्यानंतर आम्ही या विषयाच्या मागे लागलो, डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटलो, वाचलं, ज्यांची ऑपरेशनं झाली त्यांना विचारलं. ते सगळं इथं मांडतो आहोत. लांबलंय, पण निवांत वाचा. घरात कोणाला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

आधी त्या सभासदाची गोष्ट. नाव सांगत नाही, जेट्टीवर सगळे ओळखतातच. पस्तीस वर्षं तांडेल. अंधारात नुसत्या लाटेच्या आवाजावर आगवादचा बार पार करणारा माणूस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गेल्या पावसाळ्यात ऑपरेशन. मुलानं हौसेनं सांगितलं, बाबांना सगळ्यात चांगली लेन्स टाका, पैशांकडे बघू नका. हॉस्पिटलात फॉर्म भरताना कामधंदा विचारला, तर आमच्या काकांनी सांगितलं "धंदा". त्यांनी लिहिलं बिझनेस. धंदा कसला, दिवसाचा की रात्रीचा, हे ना त्यांनी विचारलं, ना यांनी सांगितलं. दूर-जवळ दोन्ही दिसणारी मल्टिफोकल लेन्स बसवली.

ऑपरेशन उत्तम झालं. काका चष्म्याशिवाय पेपर वाचायला लागले, मोबाईल बघायला लागले. घरात आनंद. १ ऑगस्टला बोट बाहेर काढली आणि पहिल्याच रात्री परत येताना त्यांनी भाच्याला सुकाणूवर बोलावलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "प्रत्येक दिव्याला कांकणं घातलेली दिसतात रे. एकात एक, एकात एक. बोयाचा दिवा कुठला आणि होडीचा कुठला, कळत नाही."

तक्ता वाचायला लावला तर त्यांचा नंबर अगदी बरोबर. शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मग बिघडलं कुठे?

हे समजायला लेन्स काय करते ते थोडं बघावं लागेल. आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असतं. ते गढूळ झालं की मोतीबिंदू. ऑपरेशनात ते गढूळ भिंग काढतात आणि त्याच्याच पातळ पिशवीत प्लास्टिकची लेन्स ठेवतात. लेन्सचा कामाचा भाग साधारण ६ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या गुंडीहूनही बारीक. बाजूला दोन आकडे असतात, ते पिशवीत टेकतात. एकदा बसली की जन्मभर तिथंच. म्हणून निवड आधी करायची. नंतर बदलता येते, पण ते कसं त्रासाचं आहे ते पुढे सांगतो.

हे प्लास्टिक डोळ्यात चालतं हे कळलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या लढाऊ विमानांची पर्स्पेक्सची छपरं फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत तुकडे जायचे. हॅरॉल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की काच असती तर डोळा सुजला असता, हे तुकडे मात्र गुपचूप पडून राहतात. त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात पहिली लेन्स बसवली. आपल्याकडे ही लेन्स बाहेरून यायची, महाग पडायची. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या लोकांनी ऑरोलॅब सुरू करून ती देशातच स्वस्तात बनवायला घेतली. शिबिरांमधून गोरगरिबांना लेन्स मिळायला लागली ती अशामुळे. स्वस्त लेन्स म्हणजे टाकाऊ माल, असं जे आपल्या लोकांना वाटतं ते काढून टाका. शिबिरातली साधी लेन्स नीट मापानं, नीट हातानं बसली तर दूरचं स्वच्छ दिसतं.

आता प्रकार. तरुण माणसाचं नैसर्गिक भिंग फुगतं, चपटं होतं, म्हणून जवळचंही दिसतं आणि दूरचंही. बसवलेली लेन्स तशी हलत नाही. मोनोफोकल, म्हणजे साधी लेन्स, एकाच अंतराला पक्की असते. बहुतेक लोक ती दूरच्या नजरेला लावून घेतात. मग समुद्र, काठ, दिवे, समोरची बोट, सगळं चष्म्याशिवाय. जाळ्याची गाठ बघायला, हिशेबाची वही वाचायला मात्र चष्मा लागणार. हातभर अंतरावरचा जीपीएसचा पडदा अर्धवट दिसतो. त्यासाठी केबिनमध्ये एक चष्मा दोरीला अडकवून ठेवायचा. एवढीच तिची उणीव.

साध्या लेन्सची मोठी गोष्ट ही, की बाहुलीतून आत आलेला जवळजवळ सगळा प्रकाश ती एकाच ठिकाणी एकवटते. रात्री आपल्याला तेच हवं असतं.

मल्टिफोकलचा हिशेब वेगळा. त्या लेन्सवर पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी बारीक वर्तुळं कोरलेली असतात. ही वर्तुळं आत येणारा प्रकाश वाटून टाकतात. दोन अंतरांच्या, समान वाटणीच्या जुन्या लेन्समध्ये साधारण ४१ टक्के प्रकाश दूरच्या चित्राला जातो, ४१ टक्के जवळच्या चित्राला आणि उरलेला सुमारे १८ टक्के कुठल्याच कामाला येत नाही. आता निघालेल्या ट्रायफोकलमध्ये, म्हणजे दूर-मध्यम-जवळ अशा तीन अंतरांच्या लेन्समध्ये, वाया जाणारा प्रकाश कमी केला आहे आणि दूरच्या चित्राला वाटाही जास्त दिला आहे. तरी वाटणी ती वाटणीच. एका खोक्यातले बांगडे तीन पाट्यांत घातले तर प्रत्येक पाटीत कमीच येणार ना?

दिवसा हे जाणवत नाही. गोव्याच्या उन्हात प्रकाशाला काय तोटा? पण रात्री दूरचा दिवा बघताना त्याचं एक चित्र नीट पडतं आणि त्याच वेळी जवळच्या वाट्याचं दुसरं, पसरलेलं चित्र त्याच्याच भोवती पडतं. तीच काकांची कांकणं. डॉक्टर त्याला हेलो म्हणतात. शिवाय काळ्यावर करडं ओळखण्याची ताकद, कॉन्ट्रास्ट म्हणतात ती, थोडी उतरते. डॉक्टरांचा तक्ता म्हणजे पांढऱ्याशुभ्र पाटीवर काळीकुळकुळीत अक्षरं, तीही उजेडात. तिथं पूर्ण मार्क मिळतात. आपली परीक्षा असते ती काळ्या पाण्यावर बिनदिव्याची होडी ओळखायची.

हे आमचं मत म्हणून सांगत नाही. कॉक्रेन नावाची संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. २०१६ साली त्यांनी मल्टिफोकल आणि मोनोफोकलची तुलना केलेल्या २० चाचण्या तपासल्या, रुग्ण दोन हजारांवर. दूरची नजर दोन्हींत सारखीच. मल्टिफोकलवाल्यांना जवळचं जास्त चांगलं दिसतं, चष्मा कमी लागतो. पण हेलो आणि चकाकीच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त. म्हणजे महाग लेन्स फसवी नाही. ती चष्मा वाचवते आणि त्याची किंमत रात्रीच्या नजरेतून वसूल करते.

ज्याचं काम दुकानात बसून आहे, त्याला हा सौदा परवडेल. आता आपली मांडवी बघा. मालीमहून रात्री बाहेर पडलं की डाव्या हाताला पणजीचा झगमगाट, त्यापुढे कॅसिनोच्या बोटी निळ्या-गुलाबी रोषणाईत न्हायलेल्या, आणि त्यांचं प्रतिबिंब पाण्यावर. या सगळ्यातून लाल-हिरवे बोये शोधायचे, वर मध्येच कोणी रापणीची होडी बिनबत्तीची आणून टाकतो (त्यावर आम्ही वेगळं लिहिणार आहोत, सोडणार नाही). चांगल्या डोळ्यांनाही इथं त्रास होतो. प्रत्येक दिव्याला तीन कड्या घालून बघा म्हणजे काकांनी भाच्याला का बोलावलं ते कळेल.

या दोन टोकांच्या मध्ये काही लेन्स आल्या आहेत आणि दुकानदारी सध्या तिथंच जास्त चालते. एक एडॉफ. ही प्रकाशाचे वेगळे वाटे न करता नजरेचा पल्ला ताणते, दूरपासून हातभर अंतरापर्यंत. जीपीएसचा पडदा दिसतो, बारीक अक्षराला चष्मा लागू शकतो. तिच्यातही दोन जाती आहेत. काहींवर मल्टिफोकलसारखीच वर्तुळं असतात, त्यांना थोडेफार हेलो होतात. काहींवर वर्तुळं नसतात, त्यांचा त्रास कमी. दुसरी मोनोफोकल प्लस, म्हणजे साध्याच लेन्सचा मधला भाग जरा वेगळा घडवलेला. पल्ला थोडाच वाढतो, पण रात्रीचे दिवे जवळजवळ साध्या लेन्ससारखेच दिसतात. सुकाणू धरणाऱ्याला साधीपेक्षा थोडं जास्त हवंच असेल आणि पैसे असतील, तर आमच्या समजुतीप्रमाणे डॉक्टरांना आधी हिच्याबद्दल विचारावं.

साध्या लेन्समध्येही एक फरक आहे, तो बिलात लहान पण रात्री मोठा. जुन्या घडणीच्या लेन्सची गोलाई सगळीकडे सारखी असते. बाहुली अंधारात मोठी झाली की कडेने येणारे किरण आणि मधले किरण एका ठिकाणी मिळत नाहीत, दिवा पसरतो. अस्फेरिक लेन्समध्ये कडेची गोलाई बदलून हे सुधारलेलं असतं. "अस्फेरिक आहे का?" एवढं विचारायला काही पैसे पडत नाहीत.

पिवळसर रंगाची लेन्सही दाखवतात, निळा प्रकाश अडवून पडदा वाचवते असं सांगून. २०१८ साली कॉक्रेननंच तेही तपासलं. पडदा वाचतो याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. त्यावर जादा पैसे घालू नयेत असं आम्हाला वाटतं.

टोरिकचा प्रश्न निराळा आहे. काहींच्या डोळ्याचा समोरचा पारदर्शक भाग गोल नसून एका बाजूला दबलेला असतो. त्यांच्या चष्म्यात सिलिंडर नंबर असतो. तो जास्त असेल तर साध्या लेन्सनं दूरचंही धूसरच राहणार, दिव्याला शेपट्या फुटणार. तिथं टोरिक लेन्सचा पैसा सत्कारणी लागतो, आणि टोरिक साध्या मोनोफोकलमध्येही मिळते, त्यासाठी मल्टिफोकल घ्यावी लागत नाही. ती नेमक्या कोनातच बसावी लागते. एक अंश फिरली तर सिलिंडरच्या सुधारणेतला साधारण ३.३ टक्के फायदा जातो, ३० अंश फिरली तर सगळाच. म्हणून टोरिक बसवल्यावर पहिल्या दिवसांत डोळा चोळणं, पाटी उचलणं, वाकून जाळं ओढणं अजिबात नको.

आपल्या लोकांची एक खास अडचण सांगतो. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं मांसाचा पातळ पापुद्रा वाढून काळ्या भागावर चढलेला असतो. ऊन, वारा, खारं पाणी यांचा तो प्रसाद. तो पापुद्रा डोळा ओढतो, खोटा सिलिंडर नंबर दाखवतो आणि लेन्सचं माप चुकवतो. मोठा असेल तर डॉक्टर आधी तो काढतात, डोळा काही महिने स्थिर होऊ देतात, मग मोतीबिंदू करतात. "दोन्ही एकदम उरकून टाका" असा हट्ट धरू नका. लेन्सच्या मापात डोळ्याच्या लांबीत १ मिलिमीटरची चूक झाली तर नंबरात अडीच ते तीनची चूक होते. कितीही महाग लेन्स असो, चुकीच्या मापाची असेल तर चष्मा आलाच.

उन्हाचा विषय निघाला म्हणून. अमेरिकेत चेसापीक उपसागरात कालवं आणि खेकडे पकडणाऱ्या ८३८ माणसांचा अभ्यास १९८८ साली छापून आला होता. आपल्यासारखीच पाण्यावर जन्म काढलेली माणसं. अतिनील किरणांचा एकूण मारा दुप्पट झाला की एका प्रकारच्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट होतो असं त्यात निघालं. काठाची टोपी आणि चांगला गॉगल यांनी हा मारा बराच कमी होतो. आपले जुने लोक डोक्याला टॉवेल गुंडाळतात, पण तो कपाळावर सावली पाडत नाही. ज्या पोरांनी आत्ताच खलाशी म्हणून सुरुवात केलीय, त्यांनी गॉगलला नटवेगिरी समजू नये.

बायकांचं काम बघितलं तर वेगळंच उत्तर निघतं. बाजारात बसणाऱ्या मावशींना रात्रीचे बोये शोधायचे नाहीत. त्यांना कोयतीवर मासळी कापायची असते, नोटा ओळखायच्या असतात, ओल्या हातांनी चष्मा सावरायचा नसतो. चष्म्याला खवले चिकटले की तो आणि डोळा दोन्ही गेले कामातून. अशा कामाला मल्टिफोकल किंवा एडॉफ सोयीची ठरू शकते, फक्त डोळा बाकी निरोगी हवा. किंवा साधीच लेन्स जवळच्या नजरेला लावून घ्यायची आणि बसमधून जाताना दूरचा चष्मा घालायचा. हाही मार्ग आहे, हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही. जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्यांनाही तो पटतो. एक डोळा दूरला आणि एक जवळला असंही करतात, पण त्यात अंतराचा अंदाज थोडा बिघडतो. बोटीवरून धक्क्यावर उडी मारणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये असं आम्ही म्हणू.

डायबेटिसनं पडद्याला इजा झालेली असेल, काचबिंदू असेल, बुबुळावर जुना डाग असेल, तर मल्टिफोकल सहसा नकोच. मुळात कमी झालेली नजर आणखी वाटण्यात अर्थ नाही. आपल्याकडे साखरवाले कमी नाहीत, तेव्हा पडदा तपासल्याशिवाय लेन्सची बोलणी करू नका.

आता काकांकडे परत. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला सवय व्हायला तीन ते सहा महिने लागतात, बऱ्याच जणांची कांकणं फिकी पडतात. खरं आहे, काकांचीही थोडी फिकी पडली. पण दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना लगेच लेसर करून घ्या म्हणून सांगत होते. हे लेसर वाईट नव्हे. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी-वर्षांनी लेन्समागची पिशवी धुरकट होते, लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. तसं नसतं. लेसरनं त्या पिशवीला खिडकी पाडतात आणि नजर साफ होते. पण मल्टिफोकलच मानवत नसेल आणि ती बदलायचा विचार असेल, तर खिडकी पाडल्यावर लेन्स बदलणं फार अवघड होतं. आधी लेन्स ठेवायची की बदलायची ते ठरवा, मग लेसर. काकांनी ठरवलं, ठेवायची. पुन्हा डोळा उघडायची त्यांची तयारी नाही. आता ते दिवसा बोट नेतात आणि अंधार पडायच्या आत परततात, नाहीतर मुखाशी आल्यावर भाचा सुकाणू घेतो. भाचा चांगला आहे. पण काकांना हे किती लागतं ते आम्ही बघतो.

तेव्हा यंदा जाणाऱ्यांनी एवढं करा. डॉक्टरांना नुसतं "धंदा" सांगू नका. सांगा, मी रात्री बोट चालवतो, लाल-हिरवे दिवे ओळखावे लागतात, केबिनमध्ये पडदा हातभर अंतरावर असतो. शक्य असेल तर मोबाईलवर रात्रीचा मांडवीचा फोटो काढून दाखवा. पहिला डोळा जूनच्या पहिल्या आठवड्यात झाला तर दुसऱ्या डोळ्याला काही आठवडे मिळतात. त्या मधल्या काळात एका रात्री जेट्टीवर येऊन उभे राहा, झालेल्या डोळ्यानं दिवे बघा आणि जे दिसतं ते दुसऱ्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगा. थेंब चार ते सहा आठवडे घालावे लागतात, चष्म्याचा नंबर त्यानंतर पक्का होतो. म्हणजे जुलैअखेर तयार. पावसात ऑपरेशन करू नये, मोतीबिंदू पिकू द्यावा, या जुन्या गोष्टी झाल्या. उलट फार पिकलेला कडक मोतीबिंदू काढायला जास्त जड जातो. फक्त डोळ्यात गढूळ पाणी, मासळीचं पाणी जाऊ देऊ नका आणि डोळा दुखून लाल झाला, नजर उतरली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सोमवारची वाट बघू नका.

आणि लेन्सच्या डब्यावरचा स्टिकर मागून घ्या. त्यावर लेन्सचं नाव, नंबर, सगळं असतं. पुढे कुठलाही डॉक्टर तोच पहिला विचारतो. त्याची झेरॉक्स ऑफिसात आणून दिलीत तर तुमच्या बोटीच्या फायलीत लावून ठेवू. काकांचा स्टिकर शोधायला आम्हाला तीन फेऱ्या माराव्या लागल्या.